निवडलेला नायक ‘मी नाही’ म्हणतच राहतो आणि कादंबरी पुढे सरकत नाही: कारणं आणि उपाय

कुमारवयाच्या वाचकांसाठी अद्भुत कादंबरी लिहायला घेतली की एक दुखणं हमखास येतं. सुरुवात झकास होते. तिसऱ्या प्रकरणात एखादा म्हातारा, एखादी जोगतीण, नाहीतर बोलणारं घुबड येतं आणि नायकाला सांगतं की तूच तो. नायक म्हणतो, मी नाही. इथपर्यंत ठीक. चौथ्या प्रकरणात त्याला कोणीतरी समजावतं, तो नाही म्हणतो. पाचव्यात स्वप्न पडतं, तरी नाही. सहाव्यात जिवलग मित्र रागावतो, तरी नाही. आठव्यापर्यंत लिहिणाराच थकून जातो. वही मिटते ती पुढच्या सुट्टीपर्यंत, आणि सुट्टीत उघडली की गाडी पुन्हा त्याच जागी रुतते.

साताऱ्यातल्या आमच्या लिहिणाऱ्यांच्या गटात असे मसुदे सारखे येतात. कराड, वाई, पाटणकडची मुलं वह्या घेऊन येतात, सांगली-मिरजेकडची पानांचे फोटो काढून पाठवतात. भाषा चांगली असते, कल्पना तर फारच चांगल्या असतात. ही मुलं अर्ध्यावर थांबतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याकडे चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी मराठीत फार थोडं लिहिलं जातं आणि हे लिहिणारे त्याच वयातून नुकते बाहेर पडलेले असतात. त्यांनी पूर्ण करायलाच हवं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दुखणं हेच आहे का, ते तपासा

लाल पेन घ्या. नायकाने ‘नाही’, ‘मला जमणार नाही’, ‘दुसरं कोणी बघा’ असं म्हटलेली सगळी वाक्यं अधोरेखित करा. मग ती वाक्यं कागदाच्या पट्टीने झाकून तेच प्रकरण पुन्हा वाचा. प्रकरणात काही फरक पडला का? तेच लोक तिथेच बसलेले आहेत, संध्याकाळ तशीच होते, सगळे जेवून झोपतात, असं असेल तर निदान पक्कं झालं. तुमच्या नायकाचा नकार नुसता बोलण्यात आहे. तो काढला तरी कथेला कळत नाही.

याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक दुखणं आहे. नायक हो म्हणून बसलाय, पण त्याला करायला काही नाही. त्याचा इलाज वेगळा, तो शत्रूच्या बाजूने करावा लागतो. इथे त्यात शिरत नाही.

हे उपाय बहुतेकांनी करून झालेले असतात

गाव जाळणं हा पहिला. सैतानी फौज येते, घरं पेटतात, आई-वडील जातात, नायक रडत रडत निघतो. याने दोन-तीन प्रकरणं सुटतात. मग जंगलात पोचल्यावर, शेकोटीपाशी, नायक पुन्हा म्हणतो की मी कशाला आलो, माझ्याने होणार नाही. होणारच. त्याने काही ठरवलेलंच नव्हतं, त्याला मागून ढकललं होतं. ढकलण्याचा जोर संपला की तो थांबणार.

दुसरा उपाय भविष्यवाणी आणखी कडक करण्याचा. आधी नुसता ताम्रपट असतो, मग जन्मखूण येते, मग ग्रहण येतं. पुरावे वाढतात तसा नायक आणखी हट्टी वाटायला लागतो, कारण एवढं सगळं दिसत असूनही तो नाही म्हणतोय. वाचकाची सहानुभूती इथे जाते.

आणि तिसरा, आजोबांचं भाषण. धैर्य म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय. पंधरा वर्षांच्या मुलाला अशी भाषणं घरी, शाळेत आणि क्लासमध्ये पुरेशी मिळतात. त्याने पुस्तक उघडलंय ते त्यातून सुटायला.

या तिन्हींनी दुखणं परत येतं, कारण तिन्ही उपाय नायकाला ‘हो’पर्यंत नेण्यासाठी आहेत. मुळात बिघाड आहे तो त्याच्या ‘नाही’मध्ये.

वहीत तीन रकाने

मसुद्याच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा: हा नकार कोणाला दिला. दुसऱ्यात: कशासाठी दिला, म्हणजे नायकाला त्याऐवजी काय हवं होतं. तिसऱ्यात: त्या नकाराने काय बिघडलं. अधोरेखित केलेलं प्रत्येक वाक्य या रकान्यांत भरा.

पहिला रकाना बहुतेकांचा भरतो. दुसऱ्यात ‘घाबरला’ किंवा ‘विश्वास नाही’ एवढंच येतं. तिसरा कोरा राहतो, आणि कादंबरी तिथेच अडलेली असते.

दुसऱ्या रकान्याचं आधी बोलू. नुसती भीती हे कारण चार पानं पुरतं. त्यापुढे वाचकाला कळायला हवं की या पोराला हातातलं काय सोडवत नाही. आपल्या भागात त्यासाठी लांब जावं लागत नाही. सातारा तालुक्यात आपशिंगे म्हणून गाव आहे, सगळे त्याला आपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, आणि फौजेत जाण्याची रीत घराघरात चालत आली. अशा गावातला मुलगा तुमचा नायक आहे असं धरा. आजोबा फौजेत, वडील फौजेत, पहाटे चुलतभाऊ भरतीसाठी पळतोय. आणि या पोराला गुरांचा डॉक्टर व्हायचंय. त्याच्या घरी सतराव्या वर्षी ‘तू निवडला गेलास’ हे ऐकण्यासाठी कुठल्याही घुबडाची गरज नाही, ते त्याला जन्मल्यापासून सांगितलंय. मग जेव्हा खरोखरच अद्भुत हाक येते, तेव्हा त्याचा नकार त्या हाकेपुरता राहत नाही, त्यात आजोबांना कधीच न दिलेला नकारही येतो. अशा माणसाचं ‘नाही’ दोनशे पानं पुरतं.

घर शिल्लक ठेवा, हेही इथेच सांगते. नायकाला मोकळं करायचं म्हणून आई-वडिलांना पहिल्या प्रकरणात मारून टाकायची घाई असते. आपल्याकडे सतरा वर्षांचं पोर घरातून असं सुटं होत नाही. आई फोन करून जेवलास का विचारते, काकू शेजारी सांगून ठेवते, मोठ्या बहिणीला सगळं आधीच कळलेलं असतं. ही माणसं म्हणजे तुमचा दुसरा रकाना आहे. त्यांना मारलं की नकाराचं कारणच मरतं आणि नुसता हट्ट उरतो.

तिसरा रकाना कसा भरायचा, प्रत्यक्ष

एका मसुद्याचं उदाहरण देते, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन आणि नावं बदलून. गोष्ट बामणोलीकडची आहे. कोयना धरणामागे शिवसागर पसरला, त्याच्या काठाचं गाव. नायक ओंकार, वडिलांची लाँच आहे, ते वासोट्याला जाणाऱ्या पर्यटकांना पलीकडे मेट इंदवलीला सोडतात. पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावच्या देवळातली घंटा एकट्या ओंकारला ऐकू येते. कल्पना मला फार आवडली. पहिल्या मसुद्यात नकार असा होता:

‘ओंकार, ती घंटा फक्त तुलाच ऐकू येते. याचा अर्थ तुला ठाऊक आहे?’ आबा म्हणाले.
‘नाही! हे शक्य नाही! मी एक साधा मुलगा आहे! तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी शोधा!’ ओंकार ओरडला.
आबांनी सुस्कारा सोडला. ‘नियती कोणाला चुकली आहे, बाळा?’

रकाने भरून पाहिल्यावर लिहिणाऱ्याने तोच प्रसंग असा केला:

‘पहाटं धक्क्यावर येशील न्हवं?’ आबांनी विचारलं.
‘येतो की.’
‘आईला सांगून ये.’
‘सांगतो.’
रात्री बापू घोरायला लागल्यावर ओंकारनं खुंटीवरची लाँचची किल्ली काढली आणि तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून खाली खुपसली. किल्ली नाही तर लाँच नाही. लाँच नाही तर कोण कुठं नेतंय.
सकाळी पुण्याची मंडळी धक्क्यावर ताटकळली. बापूंचा नंबर गेला, मागची लाँच पुढं लागली. दुपारी बापूंनी गण्याच्या, खलाशी पोराच्या, सगळ्यांदेखत कानाखाली दिली. ‘उद्यापासनं येऊ नगं.’ गण्या काही बोलला नाही. ओंकारकडं त्यानं एकदा बघितलं, चपला हातात घेतल्या आणि रानाच्या वाटेला लागला.

दोन्ही प्रसंगांत ओंकारने नाहीच म्हटलंय. पण दुसऱ्यात नकार ही कृती आहे, आणि तिची किंमत तिसऱ्याच माणसाने भरली आहे. आता पुढचं प्रकरण आपोआप उभं राहतं. गण्याला परत आणायला ओंकारला रानात जावंच लागेल, आणि घंटेचा आवाज त्या रानाच्या बाजूनेच येतोय. त्याला कोणी समजावायची गरज पडली नाही. आबांचं भाषण कापून टाकता आलं. ओंकार आता जातोय तो नियतीने हाक मारली म्हणून जात नाही, त्याने केलेलं त्याला निस्तरायचं आहे. आणि वाचकाला त्याचा राग येतो, तरी तो त्याला सोडवत नाही, कारण किल्ली लपवायची इच्छा कोणाला झालेली नाही?

इथली सर्वांत मोठी दुरुस्ती बोलण्यात झाली आहे, तिच्याकडे नीट बघा. आपल्या गावातलं पोर वडीलधाऱ्यांच्या तोंडावर ‘मी नाही’ असं ओरडत नाही. ते ‘बघू’ म्हणतं. ‘येतो की’ म्हणतं. ‘आईला विचारून सांगतो’ म्हणतं आणि फोन बंद करून बसतं. हो म्हणून न जाणं, ही आपली नकार द्यायची खरी पद्धत आहे. डब केलेल्या सिनेमांमुळे आपले नायक हात झटकून, डोळ्यांत पाणी आणून ठसठशीत नकार द्यायला लागलेत, आणि असा नकार एका वाक्यात संपतो. टाळाटाळ संपत नाही. तिला एक खोटं लागतं, ते झाकायला दुसरं, मग साक्षीदार लागतो, मग तो साक्षीदार रुसतो. कादंबरीला लागणारं सगळं इंधन त्यात आहे. तुमच्या मसुद्यातले सगळे ठसठशीत नकार काढून त्यांच्या जागी टाळाटाळ घालून बघा. हा एक बदल केला तरी अर्धे मसुदे चालायला लागतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

या गोष्टीत आणखी एक गोष्ट नंतर सापडली, आणि ती बाहेरून आणलेली नव्हती. धरणात गावं गेली तेव्हा ओंकारच्या आजीने एकदा घर सोडलेलं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तिला आठवतो. त्यांच्या गावाला पाण्यासाठी कोणीतरी निवडलं होतं, गावाला कोणी विचारलं नव्हतं. अशा आजीला नातू निवडला गेल्याची बातमी गोड लागेल का? नकार तिने द्यायला हवा, आणि तो ओंकारच्या नकारापेक्षा जास्त खरा असेल. लिहिणाऱ्याला हे सुचलं त्या दिवशी त्याचं मधलं सगळं कोडं सुटलं.

निवड कोण करतं, आणि दुसरा का चालत नाही?

काही मसुद्यांत तिन्ही रकाने नीट भरतात तरी वाचक कंटाळतो. तेव्हा बिघाड निवडीच्या नियमात असतो. वाचक मनात म्हणतो, अरे नको म्हणतोय तर दुसरा घ्या की! याला उत्तर नसेल तर सगळा पेच पोकळ आहे.

आपल्या गोष्टींत निवडीचे नियम फार पक्के आहेत. राजा निपुत्रिक मरतो, हत्तिणीच्या सोंडेत माळ देतात, ती ज्याच्या गळ्यात घालेल तो राजा. या नियमाची गंमत अशी की तो आंधळा आहे. माळ पडली तो माणूस लायक आहे असं कोणी म्हणतच नाही. त्यामुळे ‘मी लायक नाही’ हा नायकाचा युक्तिवाद पहिल्या ओळीतच निकाली निघतो आणि त्याला दुसरं, खरं कारण शोधावं लागतं. देवाला कौल लावणं हा दुसरा नियम. पाकळी उजवीकडून पडली तर हो. पण कौल पुन्हा लावता येतो, लोक लावतातही. गुरवाचा मुलगा नायक असेल तर त्याला कोणती पाकळी लवकर सुटते हेही ठाऊक असेल. नकार देण्यासाठी तो कौलात हात घालेल का? तिसरा रकाना भरला!

आणि तिसरा नियम नवसाचा. हा मला सगळ्यांत जड वाटतो. मूल जन्मायच्या आधी आईने कबूल केलेलं असतं. फेडायचं मात्र मुलाला. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की आपल्याकडे ही कल्पना नव्हे, खऱ्या मुलामुलींची आयुष्यं त्यात गेली आहेत. मुली देवाला सोडण्यावर मुंबई प्रांतात १९३४ साली कायद्याने बंदी आणावी लागली. म्हणून नवसाची निवड वापरायची असेल तर जपून आणि पूर्ण मनाने वापरा, रंग भरायला नको. त्यातला नकार देवाला जात नाही, आईला जातो. ‘तू मला विचारलं होतंस का?’ हे वाक्य सोळा वर्षांच्या वाचकाच्या थेट काळजाला भिडेल, कारण ते त्यालाही कोणालातरी विचारायचं आहे.

जुन्या कथांकडून घ्यायचं ते हे

नको म्हणणारा नायक म्हटलं की मुलांना परदेशी पुस्तकंच आठवतात. अर्जुनाकडे आधी जा. दोन्ही फौजांच्या मधोमध, शंख वाजून झालेले असताना, तो धनुष्य टाकून रथात बसतो. लिहिणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी उचलाव्यात. एक, तो भ्यालेला नाही. त्याची कारणं चांगली आहेत, ऐकणाऱ्यालाही पटतील अशी. समोरच्याला उत्तर द्यायला कष्ट पडावेत असाच नकार लिहिण्याच्या लायकीचा. दुसरी, वेळ. घरी बसून दिलेला नकार सैल पडतो. तोच नकार सगळे तयार उभे असताना दिला की श्वास रोखला जातो. तुमच्या नायकाचा नकार चौथ्या प्रकरणातून उचलून नवव्यात, अगदी दारात, नेऊन ठेवा आणि काय होतं ते बघा.

त्याहून जास्त कामाचा मला विराट राजाचा मुलगा, राजपुत्र उत्तर, वाटतो. अंतःपुरात बढाया मारतो, सारथी मिळाला तर कौरवांना असं करीन तसं करीन. सारथी मिळतो, बृहन्नडा. समोर फौज दिसल्याबरोबर हा रथातून उडी टाकून पळतो. बृहन्नडा मागे धावून त्याला पकडून आणते. आणि मग? त्याला युद्धच कर असं कोणी म्हणत नाही. तो लगाम हातात घेतो, बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन लढतो. शमीच्या झाडावरची शस्त्रं उतरवून द्यायला उत्तरच चढतो. म्हणजे त्याचा नकार मोडला गेला नाही, त्याचं काम बदललं. नायकाला ज्या कामासाठी निवडलं त्याच कामाला शेवटी तयार करायचं, हा हट्ट लेखकाचा असतो, कथेचा नसतो. ‘मी लढणार नाही, पण तुम्हाला तिथपर्यंत नेईन’ हे सतरा वर्षांच्या मुलाचं पूर्ण सन्मानाचं उत्तर आहे, आणि त्यावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

मध्यावर दुखणं उलटलं तर

नायक निघाला, दहा प्रकरणं छान गेली, आणि तेराव्यात पुन्हा ‘मी नाही’. हा दुसरा नकार चालतो, उलट हवाच. अट एकच, तो पहिल्यापेक्षा वेगळा असला पाहिजे. पहिला नकार न कळण्यातून येतो. दुसरा कळण्यातून यावा.

सांगलीकडून आलेल्या एका मसुद्यात हे फार सुंदर जमलंय. गोष्ट हरिपूरची. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीखालची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे खोल खड्डे. २००५ च्या पुरानं त्यांतल्या बऱ्याच पेवांची वाट लावली, त्यामुळे ओसाड पेवं हा गावाच्या बोलण्यातला खरा विषय. नायिकेचे वडील पेवात उतरायचं काम करायचे. एका बुजलेल्या पेवाच्या तळातून दुसऱ्या जगात वाट जाते आणि तिनेच उतरायचं असं ठरलंय. पहिल्या वेळी ती नेहमीसारखी घाबरते. मधल्या प्रकरणात मात्र, सगळे घाई करत असताना, ती पेवाच्या तोंडाशी बसते आणि उतरत नाही. तिला माहीत आहे की बंद पेव उघडल्याबरोबर आत जायचं नसतं, आतली हवा माणूस मारते, आधी ते उघडं ठेवावं लागतं. तिचा मार्गदर्शक शेकडो वर्षांचा ज्ञानी आहे, पण त्याला हे माहीत नाही. तिचं ‘नाही’ इथे सर्वांत शहाणं वाक्य ठरतं, आणि बेत तिला नाही, बाकीच्यांना बदलावा लागतो. असा नकार आला की वाचक पहिल्यांदा म्हणतो, बरोबर मुलगी निवडली.

निवड झाल्यानंतर निवडणाराच उलटला तर काय होतं, हे बघायचं असेल तर अजिंक्यताऱ्याकडे बघा. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेला, लपवून वाढवलेला रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. त्याच ताराबाईंनी १७५० मध्ये त्याला किल्ल्यावर कैदेत टाकलं, आणि हा माझा नातूच नव्हे असंही म्हणाल्या. कुठल्या तरी आडबाजूला साधं आयुष्य काढलेला तरुण, एक दिवस येऊन कोणी सांगतं की तू छत्रपती आहेस, आणि वर्षभरात तीच व्यक्ती म्हणते तू कोणीच नाहीस. आता याने ‘मी तो नाही’ म्हणायचं की ‘मीच तो आहे’? तुमच्या नायकाचा दुसरा नकार अडला असेल तर निवडणाऱ्यालाच निवड मागे घेऊ द्या. इतके दिवस नको नको म्हणणारा पोरगा त्या क्षणी काय बोलेल, ते शोधायला मी म्हणेन की निदान एक पूर्ण प्रकरण खर्च करा. घाई करू नका, कारण नायक कोण आहे हे तुम्हालाही तिथेच कळणार आहे.

दुरुस्ती झाली का, हे कसं कळेल

लाल रेघांची तपासणी पुन्हा करा. आता बहुतेक ठिकाणी अधोरेखित करायला वाक्यच सापडणार नाही, कारण नकार कृतीत गेला असेल. तिसऱ्या रकान्यात माणसांची नावं आली असतील, गण्यासारखी. ‘युद्ध लांबलं’, ‘अंधार वाढला’ अशी मोघम नोंद असेल तर ती खोडा आणि नाव लिहा. अंधार वाढून कोणाचं काय गेलं?

मग आठवी ते दहावीतल्या दोन-तीन मुलांना पहिली दहा प्रकरणं द्या. आवडलं का, असं विचारू नका, ती हो म्हणतील, ती आपल्याच घरातली आहेत. एवढंच विचारा: तो का गेला नाही? उत्तर ‘घाबरला म्हणून’ असं आलं तर दुसऱ्या रकान्याकडे परत जा. मुलं आपसांत भांडायला लागली, एक म्हणाला त्याने बरोबर केलं आणि दुसरी म्हणाली गण्याचं काय मग, तर अकरावं प्रकरण लिहायला घ्या.